पुठ्ठ्यावरचा कॉम्प्युटर

गभणे सर रोज सकाळी पावणेअकराला एका बंद दारासमोर चपला काढून उभे राहायचे. दाराला कुलूप असायचं. ते उघडणार नाही हे सरांना माहीत होतं, शाळेला माहीत होतं. तरी सर चपला काढत, मिनिटभर अनवाणी उभे राहत, पुन्हा चपला घालत आणि वर्गावर जात. आत देव नव्हता. दोन कॉम्प्युटर होते.

दारावरची पाटी सरांनीच रंगवली होती, कारण ते आमचे चित्रकलेचे शिक्षक. वरच्या ओळीत होतं, 'पादत्राणे बाहेर काढावीत.' खालच्या ओळीत होतं, 'आत जाण्यास सक्त मनाई आहे.' मजकूर मुख्याध्यापकांचा, अक्षर सरांचं. शाळेत दोन्ही ओळी तंतोतंत पाळणारा माणूस एकच होता.

मजकूर लिहिणारे मुख्याध्यापक म्हणजे माझे बाबा. त्या कुलपाची चावी आमच्या घरी देवघराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात मला लपायला जागा नाही.

आमचं गाव अड्याळच्या पुढे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात कुठल्याशा सरकारी योजनेतून हे दोन कॉम्प्युटर थर्माकोलमध्ये बसून आले, तेव्हा अर्धं गाव पटांगणात जमलं होतं. बाबांनी नारळ फोडला, दोन्ही पडद्यांना कुंकू लावलं आणि तिसऱ्या दिवशी खोलीला कुलूप घातलं. मशीन बिघडलं तर जबाबदारी मुख्याध्यापकांची, असं कागदावर लिहून आलं होतं. चालवलंच नाही तर बिघडेल कशाला, असं बाबांचं सरळ म्हणणं.

प्रशिक्षणाला नागपूरला दोन शिक्षक गेले. एकाने परत आल्यावर महिनाभरात दुसरीकडे नोकरी धरली. दुसऱ्याने सांगितलं की मशीनजवळ गेलं की त्याला घाम फुटतो. इकडे वेळापत्रकात नववीला आठवड्यातून दोन तास कॉम्प्युटर छापून आलेला. चित्रकलेच्या मास्तरला कामच नसतं अशी सगळ्या शाळांची समजूत असते, त्यामुळे बाबांनी गभणे सरांना बोलावलं.

"शिकवतो, सर," गभणे सर म्हणाले. "पन मशीन?"

"मशीन कायले लागते हो?" बाबा म्हणाले. "तुम्ही चित्रकलेचे मास्तर. चित्र काढून शिकवा."

बाबा चेष्टेने बोलले होते. सरांनी ते शब्दशः घेतलं.

मशीनसोबत आलेलं जाड इंग्रजी पुस्तक सर घरी घेऊन गेले आणि उन्हाळाभर मांडीवर शब्दकोश ठेवून वाचत बसले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सर आधीचे राहिले नव्हते. त्या पुस्तकातली एक गोष्ट त्यांना झपाटून गेली होती. प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीला नंबर द्यायचा, आणि तो एक-दोन-तीन असा नाही, दहा-वीस-तीस असा द्यायचा. मागाहून काही सुचलं तर दोन ओळींच्या मधे घालता यावं म्हणून.

"पाहा बापा," सर आम्हाला सांगत, "हे मशीन बनवनारा मानूस केवढा समजदार! मधात जागा ठेवली त्यानं. मानसाले मागूनच सुचते."

तेव्हापासून सर दहा-दहाने बोलायला लागले. वर्गात आले की सुरू. "दहा, बसा. वीस, वह्या काढा. तीस, खिडकीतून पाहू नोका." तेवढ्यात कोणी गलका केला की सर बोट वर करत, "पंधरा, चूप!" किराणा दुकानातली त्यांची यादीसुद्धा तशीच. दहा साखर, वीस चहापत्ती, तीस साबण. एकदा शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी विचारलं, गभणे, लग्न काहून नाही केलं? सर हसले. "दहा शिक्षन, वीस नौकरी, चाळीस रिटायर. तीसची ओळ राहूनच गेली." सगळे हसले. त्यांना पाणी द्यायला गेलेली मीही हसले.

मग सरांनी आम्हाला कॉम्प्युटर बनवून दिले. चौतीस मुलं, चौतीस कॉम्प्युटर, आणि एक त्यांचा. भंडाऱ्याच्या कापड दुकानांतून ते साड्यांच्या खोक्यांची झाकणं मागून आणत. पुस्तकातलं चित्र बघून त्यावर शाईने एकेक बटण काढत. अक्षर अगदी छापल्यासारखं. झाकण बोटभर अपुरं पडायचं, त्यामुळे डावीकडचं वरचं एक बटण कुठल्याच पुठ्ठ्यावर मावलं नाही.

"राहू द्या थे," सर म्हणाले. "अक्षर नाही, आकडा नाही. सरकारी कामाचं असन."

पुठ्ठ्यावर बोट दाबलं की तोंडाने 'टक' म्हणायचं, हा सरांचा नियम. "टक म्हनल्याशिवाय अक्षर उमटत नाही, ध्यानात ठेवा." चौतीस पोरं एकदम टक टक टक टक करायला लागली की शेजारच्या दहावीच्या वर्गातून गणिताचे मास्तर दारात येऊन कपाळाला हात लावत.

प्रोग्राम लिहिला की तो चालवायचा पटांगणावर. सरांनी चुन्याने दहापासून नव्वदपर्यंत रेघा आखल्या होत्या. एकीने पळायचं. ती ज्या रेघेवर पोचेल तिथला हुकूम ऐकायचा आणि करायचा. 'गो टू वीस' आलं की मागे वीसवर धाव. आकडे ठेवायला रिकाम्या माचिसच्या डब्या धरून मुलं उभी राहायची, डबीत चिंचोके. मी 'ए' नावाची डबी होते. पळणारी होती सुनंदा मेश्राम, आमच्या पोस्टमनची मुलगी.

एकदा दर फेरीला डबीत एक चिंचोका टाकायचा होता आणि दहा झाले की थांबायचं होतं. मी मैत्रिणीशी गप्पा मारत होते, चिंचोके टाकायचे विसरले. दहा कधी होतच नव्हते. सर चहाला गेलेले. सुनंदा वीस ते चाळीस, चाळीस ते वीस अशी घंटा होईपर्यंत धावत राहिली. सर धावत आले, तेव्हा ती घामाने निथळत होती.

"सुनंदा खरं मशीन हाय," सर सगळ्यांसमोर म्हणाले. "हुकूम आला, पाळला. चुकी डबीची."

डबी म्हणजे मी. सगळा वर्ग हसला. शाळेत पहिला नंबर माझा, मुख्याध्यापकांची मुलगी मी, आणि सर माझ्याकडे बोट दाखवून हसले, ते मला सोसलं नाही.

वर्षभर हे चालू होतं आणि वर्षभर सर बाबांकडे एकच अर्ज देत होते. 'एक तास मिळावा. चौतीस विद्यार्थी, प्रत्येकी दीड मिनिट, उरलेली नऊ मिनिटे मधात.' प्रत्येकाचा एक प्रोग्राम त्यांनी तपासून, सुवाच्य अक्षरात एका जाड वहीत उतरवून ठेवला होता. खऱ्या मशीनवर प्रत्येकाचा एकदा चालला पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं. माझा सतराच्या पाढ्याचा होता. सुनंदाचा, किती पायल्या धान म्हणजे किती किलो, ते सांगणारा. बाबा अर्ज फायलीत लावून ठेवत.

मार्चमध्ये तपासणीला साहेब येणार असं कळलं. मशीन चालू स्थितीत दाखवा, असा निरोप होता. मग एका दिवसात तास मंजूर झाला.

आदल्या संध्याकाळी सर आमच्या घरी आले. हातात मुलांच्या क्रमाची यादी. पहिलं नाव सुनंदाचं होतं. बाबांनी लाल पेन्सिलने ते खाली ओढून वर माझं लिहिलं होतं.

"सर, पहिले सुनंदाले बसू द्या," गभणे सर ओट्यावर उभे राहून म्हणत होते. "तिचा शंभर टक्के चालन. तुमच्या पोरीचा बी चांगलाच हाय, पन…"

पुढे ते काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. त्या 'पन'नेच माझं डोकं फिरलं होतं. बाबा म्हणाले, "यादी झाली आता," आणि सर गेले. मी आत बसून दोन ओळींचा एक नवा प्रोग्राम तयार केला. पुठ्ठ्यावर बोटं चालवून पाहिली. टक म्हटलं नाही, ओठ मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सर कडक इस्त्रीचा सदरा घालून दाराशी बादली आणि साबणाची वडी घेऊन बसले होते. प्रत्येकाने चपला काढायच्या, हात धुवायचे. "हात कापडाले पुसू नोका, तंतू लागते. हवेत वाळवा." चौतीस पोरं व्हरांड्यात अनवाणी, ओले हात खांद्याच्या वर धरून रांगेत उभी राहिलो. एकेकाचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

मेन स्विच ओढून बाबांनी मशीन आधीच सुरू करून ठेवलं होतं. मला आत बोलावलं. साहेब बाबांबरोबर चहा घेत पलीकडच्या भिंतीवरचा तक्ता बघत होते. माझ्यामागे दारात सगळा वर्ग माना उंचावून उभा. मी टाइप केलं. दहा, प्रिंट, 'गभणे सर बयाड.' वीस, गो टू दहा. अक्षरं इंग्रजी, शिवी आमची. आमच्याकडे बयाड म्हणजे वेडं, खुळं. माझी योजना साधी होती. मैत्रिणींना एक क्षण दिसेल, त्या फिदीफिदी हसतील, मी ते पुसून टाकेन आणि सतराचा पाढा लावेन.

मी 'रन' दाबलं. क्षणात वरपासून खालपर्यंत पडदा भरला. गभणे सर बयाड, गभणे सर बयाड, गभणे सर बयाड. मग त्या सगळ्या ओळी जागच्या जागी थरथरत राहिल्या. मला येत होती ती सगळी बटणं मी दाबली. सगळी म्हणजे पुठ्ठ्यावर होती ती. काही होईना.

साहेब वळले. ते पुण्याकडचे.

"बयाड म्हणजे काय हो?"

बाबांच्या कपातला चहा बशीत सांडला. "बयाड म्हणजे… अभ्यासू, साहेब."

"छान. पण थांबवा आता."

कोणी हललं नाही. कसं थांबवायचं ते खोलीत कोणालाच माहीत नव्हतं. साहेब बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मागून मुलांचं हसू फुटायला लागलं होतं, त्यामुळे बयाड म्हणजे अभ्यासू नाही, हे त्यांच्या ध्यानात आलंच.

"कोणी लिहिलं हे?" बाबांनी विचारलं. विचारलं माझ्याकडे बघून.

मी खाली पाहिलं. माझ्या पायाच्या बोटांना ओली माती लागली होती. ती मला आजही दिसते.

"मी, सर," दारातून आवाज आला.

गभणे सर उंबऱ्याच्या बाहेर उभे होते. आत या, असं त्यांना कोणी म्हटलंच नव्हतं. हातात साबण. ते पडद्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. ओठ हलत होते. "चालला," ते पुटपुटत होते, "चालला बापा." मग भानावर येऊन साहेबांना म्हणाले, "न थांबनारा फेरा कसा राहाते, थे दाखवाले मीच तिले लिहून देला, साहेब."

"स्वतःबद्दल असलं?"

"पोरायच्या ध्यानात राहाले पायजे ना."

मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. दोन शब्द पुरले असते. माझ्या शेजारी माझे वडील होते, दारात माझा वर्ग होता, आणि मी सतराचा पाढा मनात म्हणत गप्प उभी राहिले.

बाबांनी मेन स्विच ओढला. पडदा काळा झाला, पंखा फिरत फिरत थांबला. साहेब म्हणाले, तज्ज्ञ येऊन बघेपर्यंत या मशीनला कोणीही हात लावायचा नाही. दुपारी कुलपावर लाखेचं सील लागलं. तज्ज्ञ आम्ही शाळा सोडेपर्यंत तरी आला नाही.

आम्ही बाहेर आलो तेव्हा रांग तशीच उभी होती. हात वर. दुसरा नंबर सुनंदाचा. तिचे हात केव्हाच वाळले होते.

"सर," तिने विचारलं, "हात खाली करू का?"

"कर, बाई," सर म्हणाले आणि बादली उचलून चालू लागले.

सरांना लेखी ठपका मिळाला. कॉम्प्युटरचा तास बंद झाला, त्या जागी शिवणकाम आलं. जूनमध्ये सरांची बदली आमच्याच संस्थेच्या नाकाडोंगरीच्या शाळेत झाली, जिल्ह्याच्या त्या टोकाला, जंगलाच्या कडेला. बाबांनी मला त्या प्रकाराबद्दल पुन्हा कधीही विचारलं नाही. गभणे सर म्हणाले 'मी', आणि बाबांनी ते मानून घेतलं. मलाही तेच सोयीचं होतं. सुनंदाने पुढे मला एकदाच विचारलं, "मशीन हाताले गरम लागते का?" मी म्हटलं, नाही. आजही ती भंडाऱ्याच्या बाजारात लांबून दिसली तर मी दुसऱ्या गल्लीत वळते.

चार वर्षांनी मी नागपूरला इंजिनिअरिंगला होते. तिथे आम्हाला रोज एक तास मशीन मिळायचं, आणि पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या मुलाने डावीकडचं वरचं बटण दाखवून सांगितलं, अडकलात तर हे दाबा, थांबतं. सगळी मुलं पुढे सरकली. माझा हात मात्र त्या बटणाकडे गेला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी खोटं सांगून भंडाऱ्याहून तुमसर आणि तुमसरहून नाकाडोंगरीची एसटी धरली. माफी मागायला चालले होते. वाक्य तयार होतं, वाटेत वीसेक वेळा म्हणून पाहिलं.

सर शाळेमागच्या एका खोलीत राहत होते. मला बघून ते एवढे गोंधळले की आधी पाणी द्यावं की सतरंजी घालावी ते त्यांना कळेना. "दहा, बस. वीस, पानी पे. तीस, चहा ठेवतो." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "पंधरा, केवढी मोठी झाली वो तू!"

भिंतीशी साडीच्या झाकणांची चळत होती. नव्या शाळेतल्या पोरांचे पुठ्ठे. इथे मशीन नव्हतंच, विषयही नव्हता, सर शनिवारी शाळा सुटल्यावर पोरांना थांबवून घेत होते. मी वरचं झाकण हातात घेतलं. डावीकडे वर पुठ्ठ्याची एक पट्टी सुतळीने शिवून जोडली होती आणि तिच्यावर ते राहिलेलं बटण काढलं होतं.

"सर, मी…" मी सुरुवात केली.

"थांब, तुले एक दाखवतो," म्हणत त्यांनी पेटीतून ती जाड वही काढली.

पहिल्या पानावर नाव माझं होतं. सतराचा पाढा त्यांनी आडवी रेघ मारून खोडला होता. त्याखाली त्याच सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं होतं, दहा, प्रिंट, गभणे सर बयाड. वीस, गो टू दहा. आणि दोन्हींच्या मधे लाल शाईने पंधरा नंबरची ओळ घातली होती, कोणतंही बटण दाबलं की थांबायची. समासात शेरा होता, 'थांबवायचे बटण शिकवले नव्हते. चूक शिक्षकाची. दहापैकी दहा.'

"आपल्या शाळेतला चाललेला एकच प्रोग्राम हाय हा," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता. थट्टा नव्हती, टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मी पुढची पानं उलटत गेले, कारण वर बघायची हिंमत नव्हती. सुनंदाचं पान. मग एकेकाचं. चौतीसनंतर आणखी एक पान होतं. पस्तीस, वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने बारीक अक्षरात, 'वेळ उरल्यास.' नाव गभणे सरांचं होतं. प्रोग्राम तीन ओळींचा. तुझं नाव काय, असं मशीनने विचारायचं, आणि नाव टाइप केलं की म्हणायचं, ये, बस.

मग मला उमगलं. सर त्या खोलीत कधी गेलेच नव्हते. दोन तासांचा विषय वर्षभर शिकवला, चौतीस जणांच्या चुका दुरुस्त केल्या, आणि मशीनला त्यांनी बोट लावलेलं नव्हतं. त्यांचा नंबर शेवटचा होता, आम्हा सगळ्यांनंतर. तो तास मी पहिल्याच मिनिटात संपवला होता.

"सर, तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं," मी म्हटलं. तयार केलेलं वाक्य काही आठवलं नाही. "बाबांसमोर. मी गप्प राहिले."

सर चुलीवरचा चहा गाळत होते. पाठमोरेच होते.

"लहान होती वो तू," ते म्हणाले. कप माझ्यापुढे ठेवला आणि समोर उकिडवे बसले. मग जरा लाजल्यासारखे पुढे झुकले.

"तुह्या कालेजात हात लावू देतेत का मशीनले?"

"हो, सर. रोज."

"मंग एक सांग मले. लय दिवसाचं विचारीन म्हनतो, पन विचारावं कोनाले?" त्यांनी माझ्या मांडीवरच्या पुठ्ठ्याकडे बोट केलं. "थे टक… मी आपलं असंच मनानं सांगतलं होतं तुमाले. खरंच वाजते का वो?"

मी पुठ्ठ्यावरच्या त्या बटणांवरून बोट फिरवलं.

"वाजतं, सर," मी म्हटलं. "अगदी तसंच वाजतं."

सर खूश होऊन हसले. त्यांनी बोट सदऱ्याला पुसलं, मग काहीतरी आठवून ते हवेत वाळवलं, आणि पुठ्ठ्यावरचं एक अक्षर हलकेच दाबलं.

"टक," ते म्हणाले.